जुने हॉरर पहिल्यांदाच बघतोय, मार्क भीतीला द्यायचे की पिक्चरला?

अंधारकोठडी:
नमस्कार मंडळी. हॉररचा चाहता आहे पण २००० च्या आधीचं जवळपास काहीच बघितलेलं नव्हतं, म्हणजे नावं सगळी माहीत, कुठल्या सीनला काय होतं तेही माहीत (मीम्सची कृपा), पण अख्खा पिक्चर शांतपणे बसून बघितलाय असा एकही नाही. तर सध्या जुन्यातल्या जुन्यापासून सुरू करून एकेक दशक पुढे सरकतोय आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क देतोय. आत्तापर्यंतचा निकाल असा: नोस्फेरातू (१९२२) ६, ड्रॅक्युला (१९३१) ५, फ्रँकेनस्टाइन (१९३१) ८, कॅट पीपल (१९४२) ७, सायको (१९६०) ९, नाइट ऑफ द लिव्हिंग डेड (१९६८) ४, एक्सॉर्सिस्ट (१९७३) ६, टेक्सस चेनसॉ मॅसकर (१९७४) साडेनऊ.

आता घोळ असा की हे मार्क नेमके कशाचे तेच मला कळेनासं झालंय. भीतीचे म्हणावेत तर टेक्सस सोडून एकालाही माझी टरकली नाही. फ्रँकेनस्टाइनला आठ दिले ते निव्वळ त्यात राक्षस झालेल्या बोरिस कार्लोफसाठी. तो पहिल्यांदा येतो ना, दारातून पाठमोरा आत येतो, सावकाश वळतो आणि मग झटक्या-झटक्यात कॅमेरा एकदम तोंडाजवळ, तो सीन फेमस आहे पण मला लागला तो त्याच्या नंतरचा. छपरातली झडप उघडतात आणि जन्मात पहिल्यांदा उजेड बघून हा दोन्ही हात वर करून उजेड धरायला बघतो, मग झडप बंद करतात आणि हात तसेच पुढे, काहीतरी मागत असल्यासारखे. भीती शून्य, पण गलबलून आलं राव. मग हॉरर म्हणून आठ कसे काय?

एक्सॉर्सिस्टचं बरोबर उलटं. डोकं गरगर फिरणं, हिरवी ओकारी, हे सगळं इतक्या विडंबनांतून बघून झालंय की मूळ सीन आला तेव्हा मला फिस्सकन हसूच आलं. आता यात त्या पिक्चरची काही चूक नाही हे मलाही कळतं, पण मग मार्क कोणाचे कापायचे?

थोडक्यात "त्या काळाच्या मानाने भारी" म्हणून वाढीव मार्क द्यायचे का आज मला बसल्या जागी काय वाटलं तेवढंच धरायचं? तुम्ही काय करता? आणि ६०-७० च्या दशकातले भुताटकीचे सुचवा, कापाकापीचे नकोत. हॅलोवीन, शायनिंग आणि द थिंग बघायचेत अजून, प्लीज शेवट फोडू नका. सायकोचा कोणीतरी फार पूर्वीच फोडला होता, तरी नऊ दिलेत.

घाबरट_नं_१:
सोप्पंय. घाबरलास का? नाही ना? मग मार्क कट. विनोदी पिक्चर बघून हसूच आलं नाही तर "१९३१ च्या मानाने विनोदी आहे हो" म्हणून कोणी आठ देतं का? हॉररलाच हे ग्रेस मार्कांचे लाड का म्हणून ते मला आजवर कळलेलं नाही. गलबलून आलं तर ते रडक्या पिक्चरच्या वहीत लिही.

कृष्णधवल:
एक मिनिट, मार्क नंतर. आधी सांग कॉपी कुठली बघितलीस?

लिव्हिंग डेडला चार बघून जीव कळवळला, पण मला दाट संशय आहे की तू पिक्चरला नाही, एका फालतू प्रिंटला चार दिलेत. त्याची भानगड अशी आहे की त्या पिक्चरचं नाव आधी वेगळं होतं, वितरकांनी नाव बदललं तेव्हा टायटलची पाटी बदलली आणि जुन्या पाटीवरची कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर टाकायचीच राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नाही म्हणजे हक्क गेले. झालं, पिक्चर आल्या आल्याच सगळ्यांचा झाला. ज्याला वाटलं त्याने कॉपी काढली, मग कॉपीची कॉपी, तिची आणखी कॉपी. नेटवर जी सहज सापडते ती बहुतेक या खानदानातलीच असते, चेहरे पांढरेफटक, अंधारात नुसता काळा गिचका, आवाज घोगरा. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फिल्म फाउंडेशनबरोबर मूळ निगेटिव्हवरून तो नीट करून घेतला, ती कॉपी बघ. शेतघराच्या आतल्या सावल्या, खिडक्यांना ठोकलेल्या फळ्यांमधून येणारा उजेड, हे सगळं त्यात दिसतं. दिग्दर्शक रोमेरो जाहिरातींच्या फिल्म करून आलेला माणूस होता, लायटिंग कळायचं त्याला.

नोस्फेरातूची तर त्याहून मजा. तेव्हा रात्री बाहेर शूटिंग करणं मोठं अवघड, म्हणून रात्रीचे बरेच सीन भरदिवसा घेतलेत आणि नंतर प्रिंटला निळा रंग दिलाय. निळं दिसलं की रात्र समजायची. हा रंग नसलेली कॉपी बघितलीस तर काउंट ऑर्लोक (म्हणजे यातला रक्तपिपासू ड्रॅक्युला) स्वतःची शवपेटी बगलेत मारून टळटळीत उन्हात गावातून चाललाय असं दिसतं, आणि पिक्चरची सगळी गोष्ट कशावर उभी आहे तर उजेडाने तो मरतो यावर! (मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो बरं का, उन्हाने मरायची आयडिया या पिक्चरची.) मग वेगाचा प्रश्न. मूकपटांचा वेग काही ठरलेला नव्हता, कॅमेरा हाताने फिरवायचे, ती फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने पळवली की माणसं तुरुतुरु चालायला लागतात आणि बघणारा हसतो. संगीताचं मूळ बाड बरंचसं हरवलेलं, त्यामुळे प्रत्येक कॉपीला वेगळंच काहीतरी चिकटवलेलं. अर्थात कॉपी उरली हेच नशीब, ड्रॅक्युला कादंबरीचा लेखक स्टोकर, त्याच्या बायकोने हक्कांवरून दावा लावला होता आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रिंटा नष्ट करायला सांगितलं होतं.

आणि हो, टीव्हीतलं ते मोशन स्मूदिंग का काय असतं ते बंद कर आधी. त्याने चांगला पिक्चरही सिरियलसारखा दिसतो.

तळघरातली:
वाचतेय. घाबरट, तुझा मुद्दा तसा बिनतोड वाटतो पण त्यात एक लोचा आहे. धागाकर्त्याने मूळच्या आधी नक्कल बघितलीये. म्हणजे कॅट पीपलमधला तो बसचा सीन घ्या. रात्रीचा निर्मनुष्य रस्ता, पुढे एक बाई, मागे दुसरी, संगीत नाही, नुसते टाचांचे आवाज. मग मागच्या टाचांचा आवाज बंद होतो. पुढची थबकते, मागे बघते, कोणी नाही. चालायचा वेग वाढतो, दिवा, अंधार, दिवा, अंधार, आणि आता काहीतरी झडप घालणार असं वाटतं तेवढ्यात फिस्सकन गुरगुरल्यासारखा आवाज आणि फ्रेममध्ये घुसते काय तर बस! ब्रेकचा आवाज होता तो. आज आपण "खोटा दचका" म्हणून ज्याला नाकं मुरडतो तो इथून सुरू झाला, निर्माता व्हॅल लेवटनच्या नावाने त्याला "लेवटनची बस" असंच म्हणतात. आता तू शंभर पिक्चरमध्ये मांजर अंगावर उडी मारते ते बघून आलायस आणि मग म्हणतोस १९४२ चा सीन अंदाज लागण्यासारखा होता. लागणारच ना अंदाज!

पण म्हणून ग्रेस मार्क द्या असं मी नाही म्हणत. माझी पद्धत वेगळी आहे, मी बघताना एवढंच बघते की नक्कल शंभरदा बघूनसुद्धा मूळ सीन अंगावर येतो का. बसचा येतो, कारण दिग्दर्शक जाक टूर्नरने त्यात घाई केलेली नाही, त्या टाचा आपण इतका वेळ ऐकतो की आपोआप मोजायला लागतो. एक्सॉर्सिस्टचं फिरणारं डोकं माझ्याही अंगावर येत नाही. त्यातला हॉस्पिटलचा सीन मात्र आजही मला बघवत नाही, त्यावर कोणी बोलतच नाही.

बाकी लोकांच्या मार्कांवर फार जाऊ नकोस. शायनिंग आला त्या वर्षी कुब्रिकला राझीचं (वर्षातल्या वाईट कामांना देतात ते टिंगलीचं बक्षीस) नामांकन होतं, वाईट दिग्दर्शक म्हणून! आणि द थिंग १९८२ च्या जूनमध्ये आला तेव्हा समीक्षकांनी धू धू धुतला, ई.टी. दोनच आठवडे आधी आलेला, लोकांना गोड परग्रहवासी हवा होता. एन्निओ मोरिकोनेच्या संगीतालासुद्धा राझीचं नामांकन दिलं होतं लोकांनी, बोला आता.

भुताटकीचे हवेत तर द इनोसन्ट्स (१९६१) आणि द हॉन्टिंग (१९६३). दोन्ही कृष्णधवल, दोन्हीत रक्ताचा थेंब नाही.

घाबरट_नं_१:
नक्कल आधी बघितली ही माझी चूक आहे का? मी घाबरलो नाही ते नाहीच. इतिहासाचं पुस्तक वाचायला बसलेलो नाहीये, दिवे घालवून पिक्चर बघायला बसलोय.

तळघरातली:
तुला कोणी पुस्तक वाच म्हटलंय? टाचा ऐक म्हटलंय.

अंधारकोठडी:
@कृष्णधवल, मी बघितलेल्या नोस्फेरातूला रंगबिंग काहीच नव्हता आणि संगीत म्हणून कुठलातरी ऑर्गन एकसुरी वाजत होता, सीनशी त्याचा संबंध नाही. आणि हो, तो पेटी घेऊन उन्हात फिरतो ते बघून मी "हा मरत कसा नाही" असंच म्हटलं होतं. निळी कॉपी शोधतो. लिव्हिंग डेडचे चार तूर्तास स्थगित. पण ड्रॅक्युलाचे पाच कॉपीने वाढतील असं वाटत नाही हां, माझी कॉपी चकाचक होती. पहिली वीस मिनिटं किल्ल्यात आहेत तोवर जबरदस्त, ते जाळं, ते जिने, ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचे डोळे, आणि मग लंडनला आले की दिवाणखान्यात बसून नुसत्या गप्पा. खिडकीबाहेर लांडगा पळाला हे आपल्याला दाखवत नाहीत, एक पात्र खिडकीतून बघून सांगतं!

शेवटचा_शो:
पाचाशी सहमत, मी तर साडेचार देईन. तो नाटकावरून उचललाय, त्यामुळे दिवाणखाना. शिवाय बोलपट नुकते आलेले, मागे संगीत वाजवलं तर ते कुठून येतंय असं लोकांना वाटेल अशी तेव्हा धास्ती होती, म्हणून सुरुवातीला स्वान लेकचा तुकडा वाजतो आणि मग जवळपास सगळा पिक्चर कोरडाच. काहींना ती शांतताच भयाण वाटते. मला झोप येते. गंमत म्हणजे त्याच सेटवर रात्रीच्या पाळीत दुसऱ्या टीमने तोच पिक्चर स्पॅनिशमध्ये काढला, वेगळे नट, वेगळा दिग्दर्शक, आणि त्यांचा कॅमेरा इंग्रजीपेक्षा जास्त हलतो. लुगोसी नाही ही एकच कमी. जमलं तर दोन्ही लागोपाठ बघ, दिग्दर्शनाने काय फरक पडतो ते कळायला याच्यासारखं उदाहरण नाही.

कॉपीवरून आठवलं, फ्रँकेनस्टाइनमध्ये तळ्याकाठी त्या पोरीला तो पाण्यात टाकतो ते तुझ्या कॉपीत दिसलं ना? ते अनेक वर्षं कापलेलं होतं, १९८० च्या दशकात परत जोडलं. कापलेल्या कॉपीत तो तिच्याकडे हात नेतो आणि सीन संपतो, पुढे एकदम बाप मेलेल्या पोरीला उचलून गावातून चालत येतो. म्हणजे सेन्सॉरने कापलं ते सौम्य व्हावं म्हणून, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात भलभलतंच यायला लागलं. फुलं पाण्यावर तरंगतात तशी ही पण तरंगेल एवढंच त्या बिचाऱ्याला वाटलेलं असतं, ते कापलं की तो नुसता राक्षस. पूर्ण कॉपी बघणाऱ्याचे आठ आणि कापलेली बघणाऱ्याचे आठ हे एकाच पिक्चरचे मार्क नाहीत असं माझं मत.

पडदानशीन:
माझे दोन पैसे टेक्ससवर, कारण साडेनऊ बघून बरं वाटलं. लोकांना नावावरून वाटतं रक्ताचे पाट असतील. प्रत्यक्षात रक्त किती कमी आहे ते परत बघ. दिग्दर्शक टोबी हूपरला तर पीजी (म्हणजे पोरांनाही बघता येईल असं) सर्टिफिकेट मिळेल अशी आशा होती, म्हणून त्याने जपून दाखवलं, आणि तरी ते मिळालं नाही ते नाहीच. लेदरफेस, म्हणजे त्यातला खुनी, पहिल्यांदा येतो तो सीन आठव. पोरगा हाका मारत घरात शिरतो, आतल्या दारापाशी अडखळतो, समोर हा उभा, एक हातोडा, पोरगा खाली, पाय तडफडतात, ओढून आत घेतो आणि पत्र्याचं सरकतं दार धाडकन बंद. संपलं. आधी चाहूल नाही, संगीताने सावध केलेलं नाही, नंतर कॅमेरा रेंगाळत नाही. दुपारची वेळ आहे, बाहेर लख्ख ऊन. ते दार बंद झालं ना की मला आजही वाटतं की आपण काहीतरी जास्त बघितलं, आणि बघितलेलं तर काहीच नसतं.

त्यामुळे घाबरटच्या मताशी मी अर्धा सहमत. भीती मोजावीच. पण भीती म्हणजे दचकणं एवढंच धरलं तर टेक्सस मार खाईल, त्यात दचके मोजकेच. दुसऱ्या दिवशी डोक्यात काय उरलं ते बघून मार्क लिही, पिक्चर संपल्या संपल्या लिहू नकोस. मी तसंच करतो.

कृष्णधवल:
@पडदानशीन, दुसऱ्या दिवशीचं पटलं.

अवांतर: कोणी हिंदीचं नाव काढलं नाही म्हणून, धागाकर्त्या, यादीत महल (१९४९) टाक. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला पिक्चर, आणि कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा, बॉम्बे टॉकीजसाठी तो म्युनिकहून आला होता. कॅलिगरी-नोस्फेरातू ज्या देशात निघाले तिथूनच तो सावल्या घेऊन आला म्हणायचं. झुंबर, झोपाळा, लंबक, सगळं अंधारात अर्धं बुडालेलं. हॉरर म्हणून मार्क देशील तर तीन, सावल्यांचे देशील तर नऊ. गाणी लांबतात हे आधीच सांगतो.

अंधारकोठडी:
महल टाकला यादीत. @तळघरातली, हॉस्पिटलचा सीन म्हणजे मानेत सुई घालतात तो का? तो बघताना मी पण खुर्चीत मागे सरकलो होतो आणि विसरूनच गेलो होतो, आत्ता तुम्ही लिहिल्यावर परत डोळ्यांपुढे आला. आणि इनोसन्ट्स आधी बघू का हॉन्टिंग?

तळघरातली:
हो तोच! पोरीच्या मानेत सुई, रक्ताची चिळकांडी, आणि मग ते मशीन धडाधड आपटायला लागतं. सैतान बितान काही नाही, पांढऱ्या कोटातली शांत माणसं आपलं काम करतायत, आणि आई काचेपलीकडे. दिग्दर्शक फ्रिडकिन डॉक्युमेंट्रीवाला होता, ते तिथे दिसतं. सैतान येण्याच्या आधीच तिचे हाल सुरू झालेले असतात, आणि ते हाल करणारे तिचं भलं करायला बसलेले असतात. माझ्या हिशोबाने या एका सीनला तुझे सहाचे साडेसात तरी व्हायला हवेत, पण वही तुझी. आणि परत बघशील तर १९७३ चीच आवृत्ती बघ. २००० साली जी लांबवलेली आली त्यात मध्येमध्ये सैतानाचे चेहरे चिकटवलेत, मला तो आगाऊपणा वाटतो. जिन्यावरून उलटी उतरते तो सीन मात्र त्या आवृत्तीतच आहे, तेवढ्यासाठी लोक ती बघतात.

आधी इनोसन्ट्स बघ. तळ्याचा सीन येईल, दिवसाढवळ्या आहे, एवढंच सांगते. कॅमेरामन फ्रेडी फ्रान्सिसने फ्रेमच्या कडा मुद्दाम काळवंडून टाकल्यात, का तर स्टुडिओने रुंद सिनेमास्कोप गळ्यात मारला होता आणि दिग्दर्शकाला तेवढी रुंदी नको होती. त्याचा फायदा असा झाला की पूर्णवेळ तू त्या कडांकडेच बघत बसतोस. मोबाइलवर बघितलास तर मात्र वाया.

हॉन्टिंग तुला कॅट पीपल आवडला म्हणून. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज लेवटनच्याच हाताखाली तयार झालेला. त्यात भूत शेवटपर्यंत दाखवत नाहीत, फक्त ऐकवतात. हेडफोन घाल.

शेवटचा_शो:
हॉन्टिंगला +१. तोच वाइज दोन वर्षांनी साउंड ऑफ म्युझिक काढतो हे मला अजून पचलेलं नाही.

घाबरट_नं_१:
या धाग्याच्या नादाने काल हॉन्टिंग बघितला. हेडफोन घालून, दिवे घालवून, नियमाप्रमाणे. सुरुवातीची अर्धी बडबड कापता आली असती, नायिकेच्या मनातलं बोलणं तर संपता संपत नाही. पण रात्री भिंतीपलीकडून ते धडाम धडाम सुरू होतं आणि खोलीकडे सरकत येतं तिथे मी आवाज कमी केला. ते दाराचं पण बघितलं, लाकूड आहे ते, असं कसं करू शकतं? सात. भूत दाखवलं असतं तर आठ दिले असते.

तळघरातली:
भूत दाखवलं असतं तर तू चार दिले असतेस आणि म्हणाला असतास कसलं पुठ्ठ्याचं भूत आहे.

घाबरट_नं_१:
ते बघायच्या आधीच कसं सांगणार? सातच.

अंधारकोठडी:
दाराला काय होतं?? नको, सांगू नका. आज इनोसन्ट्स लावतोय, मार्क उद्या सकाळी लिहितो.